सात नंबरची फुसफुस

विंचूर
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

मामा,

नमस्काराआधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की सात नंबरच्या बंदुकीतली हवा बाटली आणि नळीच्या सांध्यातून जाते. ते चुकीचं होतं. मी ते नुसतं कानानं ऐकून लिहिलं. हवेच्या बाबतीत कानावर विश्वास ठेवायचा नाही, हे तर तुम्ही मला मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, मी शाळेत जायच्या आधीपासून शिकवत होतात. काल ग्लासात साबण घोळवून ब्रशनं सगळीकडे लावला. सांध्यावर एकही बुडबुडा आला नाही. फेस आला तो रेग्युलेटरच्या अंगाला असलेल्या, टाचणी जाईल एवढ्या एका भोकावर. म्हणजे आठ दिवस मी निर्दोष सांध्यावर आळ घेत होते. मला त्याचं वाईट वाटलं. तुम्ही हसाल, पण वाटलं.

तुम्ही विचारलंत, की माणसं पैसे देऊन एकमेकांना गोळ्या घालतात हा धनराज काकांचा धंदा खरा आहे की मामी तुम्हाला बनवत आहेत. खरा आहे. काकांनी दोन वर्षांपूर्वी कांद्याचा व्यापार सोडला आणि वाइन पार्कच्या पुढच्या आपल्या तीन एकरांत ‘शौर्यवाडी’ उघडली. बोराएवढ्या मऊ गोळ्या, आत रंग. बंदुकीला हवेची बाटली लावायची आणि मुखवटे घालून एकमेकांवर मारायच्या. याला पेंटबॉल म्हणतात. नाशिकची माणसं शनिवार-रविवारी आधी वाइन चाखतात, मग आमच्याकडे येऊन शूर होतात. काका लष्करी छाप्याची पँट घालतात आणि स्वतःला कर्नल म्हणवून घेतात. लष्कराशी त्यांचा संबंध देवळालीच्या छावणीवरून बसनं जाण्याइतका आहे.

गिऱ्हाइकांना एकमेकांना मारायचाही कंटाळा येतो, म्हणून काकांनी एक शत्रू ठेवला आहे. त्याचं नाव पुंजा. पेठ तालुक्याकडचा. द्राक्षांच्या हंगामात बायको कुसाबाईबरोबर इकडे येतो, आठवडाभर बागेत कात्री चालवतो आणि शनिवार-रविवारी आमचा शत्रू असतो. जाड जाकीट आणि मुखवटा घालून पळायचं, रंग लागला की मरायचं. दिवसातून साधारण चाळीस वेळा मरतो. मी विचारलं तर म्हणाला, बागेपेक्षा इथं सावली हाय.

आमची कांदाचाळ आता ‘बंकर’ आहे. परवा एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की बंकरच्या फटींतून गोळ्या आत येतात. मी म्हटलं, पत्रे ठोकून घेऊ. त्यावर काकांनी मला अर्धा तास उभं करून ऐकवलं, की एप्रिलमध्ये तिथं घरचा उन्हाळ कांदा भरायचा आहे, चाळीची फट म्हणजे कांद्याचं नाक, ती बुजवली की माल आतल्या आत उबतो आणि अख्खी चाळ सडते, आणि एवढंही ज्याला कळत नाही त्यानं शेतकऱ्याच्या घरात जन्म घेऊ नये. घेतला आहे, आता काय करू.

सात नंबरची फुसफुस ऐकून गिऱ्हाईक घाबरतं. काकांना शनिवारच्या आत आवाज बंद हवा आहे. शनिवारी १४ तारीख, ‘जोडप्यांचं युद्ध’ ठेवलं आहे. काय करू ते कळवा. मामींच्या फोनवर विचारलं असतं, पण मामींना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत देवळ्याच्या मावशीकडे पोचतं, आणि तुम्हाला ऐकू येत नसल्यामुळे मामी तुमचं म्हणून जे उत्तर देतात ते मामींचंच असतं.

तृप्ती

*

मनमाड
शुक्रवार, १३ फेब्रुवारी

तृप्ती,

पत्र काल मिळालं. फोनबद्दलचा मजकूर फुलानं माझ्या खांद्यावरून वाचला. कालपासून भाजीत मीठ नाही.

आता काम. त्या भोकाची कड बघ. ओबडधोबड असेल तर झिजून पडलं आहे. गोल आणि साफ असेल तर कारखान्यातल्या कोणीतरी डोकं चालवून पाडलेलं आहे. ते कशासाठी आहे हे समजेपर्यंत त्यात काही घालायचं नाही. काडी नाही, मेण नाही, तुझ्या काकाची अक्कल नाही, जरी ती मापात बसत असली तरी.

तुझा रेग्युलेटर मी पाहिलेला नाही, पण हवा सगळीकडे सारखीच वागते. बाटलीतली हवा पिसाळलेली असते, तिला आवरायला रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या आत एक दट्ट्या असतो, त्याच्यामागे स्प्रिंग. पुढे पुरेशी हवा गेली की ती दट्ट्याला मागे ढकलते आणि दार बंद होतं. दट्ट्याला रबराची कडी असते, तिला तुम्ही ओ-रिंग म्हणता. ती झिजली की हवा दट्ट्याच्या मागे, स्प्रिंगच्या खोलीत घुसते. तिला तिथून बाहेर पडता यावं म्हणून ते भोक. तेव्हा भोकाला दोष देऊ नको. आतली कडी गेली आहे अशी ते तुझ्याकडे चुगली करतंय.

आधी बाटली काढ. बंदुकीचं तोंड मातीकडे करून चाप दोनदा ओढ, उरलेली हवा जाऊ दे. मगच खोल. जुनी कडी कागदात गुंडाळून, द्राक्षांचे फवारणी पंप दुरुस्त करणारा जो कोणी जवळ असेल त्याच्याकडे जा. त्याच्याकडे शंभर मापं असतात. नजरेनं घेऊ नको, कडीवर कडी ठेवून घे. बसवताना सिलिकॉनचं ग्रीस लाव. धनराज खोबरेल पुढे करेल. घेऊ नको.

तासाभराचं काम आहे. शनिवारपर्यंत जमलं नाही तर सात नंबर कपाटात राहू दे. एका बंदुकीवाचून कोणाचं प्रेम अडत नाही.

देवराम मामा

*

विंचूर
बुधवार, १८ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. सात नंबर शनिवारीच दुरुस्त झाली होती. म्हणजे आवाज बंद झाला होता. या दोन्हींचा अर्थ एकच आहे का, हे तुमचं पत्र वाचल्यापासून मला कळेनासं झालं आहे.

झालं असं. शनिवारी सकाळी आठपासून काका दर दहा मिनिटांनी येऊन ‘झालं का’ विचारत होते. दहा वाजता जोडपी आली. बदामाच्या आकाराचे फुगे आले. सात नंबर टेबलावर फुसफुसत होती. एका मुलीनं विचारलं, ही फुटणार तर नाही ना. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या भोकात पाण्याच्या टाकीला लावतात ते सील मळून भरण्यात आलं. वरून ओल्या अंगठ्यानं सारखं केलं आहे आणि काळ्या रंगाचं बोट फिरवलं आहे. माहीत नसेल तर जागा सापडत नाही. साबण लावून पाहिला, फेस नाही.

काकांनी सगळ्यांसमोर बंदूक उंच धरली आणि म्हणाले, “बंदुका देणारे दिल्लीवाले पार्टला पंचेचाळीस दिवस सांगत होते. आपल्याकडे दहा मिनिटांत काम झालं.” टाळ्या वाजल्या. त्याचा व्हिडिओ त्यांनी टाकला आहे. मामींना दाखवायला सांगा, पण आवाज मोठा करू नका, मागे बॅण्डचं संगीत आहे.

भोकाची कड मी आधी पाहिली होती. गोल होती. अगदी साफ.

आणखी एक. गिऱ्हाइकं म्हणतात की सात नंबर आता जोरात मारते. हे चांगलं समजायचं की वाईट?

तृप्ती

*

मनमाड
शनिवार, २१ फेब्रुवारी

तृप्ती,

वाईट समजायचं. पोस्टात टाकायच्या आधी हे पत्र मी दोनदा फाडलं, कारण तुझ्या काकासाठी वापरलेले शब्द फुलानं पोस्टमनला वाचू द्यायचे नाहीत असं ठरवलं.

या माणसानं आयुष्यभर कांदा विकला आणि गोणीत वर चांगला, खाली कुजका भरला. आता बंदुकीतही तेच. वरून काळा रंग, टाळ्या, आणि आत काय चाललंय ते बघायला नको. कर्नलसाहेबांना सांग की हवा बाजार समितीत येत नाही, तिला बोली लावून गप्प करता येत नाही.

नीट वाच. कडी अजून झिजलेलीच आहे. हवा अजून स्प्रिंगच्या खोलीत घुसते आहे. फक्त तिला आता बाहेरची वाट नाही. ती तिथं साठते आणि दट्ट्याला मागून रेटते. दट्ट्या मागे सरकत नाही, म्हणजे दार बंद होत नाही, म्हणजे बाटलीतली पिसाळलेली हवा सरळ गोळीच्या मागे. तुमच्या गोळीचा वेग किती असायला हवा? मोजायचं यंत्र असतं म्हणतात. मोज. आणि मोजेपर्यंत ती बंदूक कोणाच्या हातात देऊ नको, विशेषतः माणसाकडे तोंड करून.

धनराजनं हे केलं, ठीक. तू शेजारी उभी राहून पाहिलंस, हे मला कळत नाही.

देवराम मामा

*

विंचूर
गुरुवार, २६ फेब्रुवारी

मामा,

मोजलं. यंत्र आमच्याकडे पहिल्यापासून होतं. काकांनी ते खोक्यातून काढलं नव्हतं, कारण खोकं फोडलं की गॅरंटी जाते असं त्यांना वाटतं. काल मी ते फोडलं. आमच्या फलकावर लिहिलं आहे की गोळी सेकंदाला दोनशे ऐंशी फुटांच्या वर जाता कामा नये. तीन, पाच, नऊ आणि अकरा नंबर त्याच्या आत आहेत. सात नंबरच्या तीन गोळ्या मोजल्या: तीनशे बासष्ट, तीनशे एकाहत्तर, तीनशे अठ्ठावन्न. चौथी मोजली नाही, बाटली काढून ठेवली.

त्याआधीचं सांगायला हवं. तुमचं पत्र मंगळवारी आलं, आणि मधे रविवार येऊन गेला. रविवारी संध्याकाळी कुसाबाई स्वयंपाकघरात हळद मागायला आली. मला वाटलं भाजीला. तिनं मला शेडमागे नेलं. पुंजा पाठ उघडी करून बसला होता. जाकिटावरून लागूनही बशीएवढे काळेनिळे डाग, आणि एका ठिकाणी कातडी फाटलेली. मी विचारलं, कोणी जवळून मारलं का. तो म्हणाला, “जवळून नाय, ताई. बाकीच्यांचा रंग लागतो. त्या साताची गोळी लागते.”

मी आकडे कागदावर लिहून काकांकडे गेले. त्यांनी कागद उलटा धरून वाचला, मग सुलटा. मग म्हणाले की बंदूक जोरात मारते ही तक्रार आहे की जाहिरात? गिऱ्हाइकं आता सात नंबर मागून घेतात. काकांनी तिला ‘कमांडो स्पेशल’ नाव दिलं आहे आणि तिचं भाडं जास्त आहे. मी पुंजाच्या पाठीचं सांगितलं. त्यावर म्हणाले, “त्याला मार खायचेच पैसे देतो ना आपण? का बसून खायचे?” त्यांनी माझ्याकडून बंदुकांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. आता ते स्वतः शनिवारी सकाळी कपाट उघडणार, मी त्यांच्यासमोर बाटल्या भरायच्या, आणि रविवारी रात्री ते कुलूप लावणार.

८ मार्चला रंगपंचमी आहे, रविवारी. गंगापूर रोडच्या एका बिल्डरनं अख्खं मैदान घेतलं आहे, त्यांच्या मुलासाठी, रुद्रसाठी. रुद्र पंचवीस वर्षांचा आहे आणि दोनदा येऊन गेला आहे. त्याला सात नंबर हवी आहे. त्यानं आणखी एक मागितलं: शत्रूनं जाकीट घालायचं नाही, पांढरं बनियन घालायचं, म्हणजे रंग नीट दिसेल. काकांनी होकार दिला. मुखवटा मात्र असेल, असं मला दोनदा सांगितलं, जणू मी भांडून मिळवला.

तुम्ही काकांबद्दल लिहिलंत ते वाचलं. कुजक्या कांद्याचं खरं असेल, मला माहीत नाही. बाकी पुढच्या पत्रात.

तृप्ती

*

मनमाड
रविवार, १ मार्च

तृप्ती,

पुढच्या पत्राची वाट बघत नाही. ते सील तू भरलंस.

तुझ्या अठरा तारखेच्या पत्रातच होतं. मी धनराजवर इतका खूश होतो, म्हणजे त्याच्यावर चिडायला मिळालं म्हणून, की वाचताना डोळे बंद होते. धनराज ओल्या अंगठ्यानं सारखं करत नाही. धनराज थापतो आणि पँटीला हात पुसतो. क्वार्टरमधली पत्र्याची बादली गळायला लागली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. सील कसं मळायचं, अंगठा ओला करून कसं सारखं करायचं आणि वरून रंगाचं बोट कसं फिरवायचं, हे तुला कोणी शिकवलं? तेव्हा तुझ्या काकाला दिलेल्या शिव्यांतल्या निम्म्या माझ्याकडे परत येतात. कांद्याबद्दलच्या तशाच राहू देत.

तुला बोलायला माझी जीभ रेटत नाही. कारण सांगतो. फुला देवळात गेली आहे, म्हणून आजच लिहितो.

मी नवा फिटर होतो. कुठल्या यार्डात ते लिहीत नाही. मालगाडीच्या एका डब्याचा ब्रेक वाल्व सारखा सुस्कारे टाकत होता. गाडी सुटायची वेळ झालेली. हवा बाहेर जायचं जे भोक असतं त्यात मी लाकडाची खुंटी ठोकली. आवाज बंद. गाडी वेळेवर सुटली. माझी पाठ थोपटली गेली. पुढे त्या डब्याचा ब्रेक सुटेचना, कारण हवेला जायला वाटच नव्हती. चाकं घासत, तापत गेली. ठिणग्या पाहून कोणीतरी गाडी थांबवली म्हणून निभावलं. खुंटी सापडली. सगळ्यांनी धरून चाललं की ती माझ्या हाताखालच्या खलाशानं, म्हणजे मदतनिसानं, ठोकली असणार, कारण खुंटी ठोकण्यासारखं काम फिटर करत नाही. त्याला महिनाभर घरी बसावं लागलं. मला फक्त एक ओळ लिहून द्यायची होती. तीनदा कागद घेतला.

तो माणूस पुढे अकरा वर्षं मला रोज सकाळी रामराम घालत होता. माझे कान गेले तेव्हा सगळे हळहळले. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्याचा रामराम ऐकू येणार नाही.

म्हणून साबण, म्हणून फेस, म्हणून तुला लहानपणी दिलेले ते सगळे धडे. भोक बुजवू नये हा धडा मात्र मी तुला कधी दिला नाही. त्यासाठी खुंटीचं सांगावं लागलं असतं.

सील काढायला सुई तापव, कडेनं उकर, बाटली आधी काढ. धनराजला दट्ट्या आणि स्प्रिंग समजावत बसू नको. मी चाळीस वर्षं साहेबांना समजावलं आहे. ज्याला जे कळतं त्यातूनच त्याला सांगावं लागतं. त्याला काय कळतं ते तू शोध, मला त्याच्यात सापडलेलं नाही.

देवराम मामा

*

विंचूर
गुरुवार, ५ मार्च

मामा,

तुमचं पत्र काल आलं. मी ते चाळीत बसून वाचलं. खलाशाबद्दल मी कोणाला सांगणार नाही, मामींना तर नाहीच. तुम्ही मला अजून दोन ओळी कडक लिहायला हव्या होत्या. तुम्ही न लिहिल्यामुळे त्या मलाच स्वतःला म्हणाव्या लागल्या आणि मी त्या जास्तच म्हटल्या.

आधी माझ्या पत्रांतल्या दुरुस्त्या.

अठरा तारखेच्या पत्रात ‘सील भरण्यात आलं’ असं आहे. मी भरलं. काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं. कशानं बुजवायचं ते त्यांना सुचलंही नव्हतं.

त्याच पत्रात काकांचं बोलणं मी अर्धं लिहिलं. ते म्हणाले होते, “आपल्याकडे दहा मिनिटांत काम झालं. आमच्या तृप्तीनं केलं.” मनमाडहून इथं येऊन मला तीन वर्षं झाली. ‘आमच्या तृप्तीनं’ हे मी पहिल्यांदा ऐकलं. टाळ्या मला होत्या. तुम्हाला लिहिताना मी माझं नाव गाळलं, आणि मग तुम्ही काकांना शिव्या घातल्यात त्या मी आठ दिवस बसून वाचल्या. एकदा हसलेसुद्धा. कुजक्या कांद्यापाशी.

तिसरी दुरुस्ती पत्रातली नाही, गेल्या शनिवारची आहे. काकांसमोर बाटल्या भरताना मी सात नंबरची रिकामी ठेवली आणि कॉम्प्रेसर तापला म्हणून सांगितलं. खरं बोलायला घाबरले, म्हणून खोटं बोलले, आणि खोटंही धड जमलं नाही. रविवारी रुद्र आला, सराव करायला. काकांनी स्वतः बाटली भरली. तिसऱ्या फेरीत पुंजानं दोन्ही हात वर केले, म्हणजे मी मेलो, थांबा. आमच्याकडे तो नियम आहे. गोळी त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर बसली. अंगठ्याशेजारचं बोट सुजून काकडीसारखं झालं आहे आणि नख काळं पडलं आहे. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, पण पंधरा दिवस त्या हातानं काही धरायचं नाही. द्राक्ष काढणीची कात्री त्याच हातानं धरतात. बाग या पंधरा दिवसांत उरकते. रुद्रनं त्याला विचारलं, लागलं का रे. पुंजा म्हणाला, नाय. रुद्र म्हणाला, मग ठीक आहे.

काल तुमचं पत्र वाचून मी पुंजाकडे गेले. कुसाबाई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं: भोक, कडी, सील, माझा अंगठा, टाळ्या. बराच वेळ लागला, कारण मी मधेमधे तारखा दुरुस्त करत होते. पुंजा म्हणाला, “माहीत हाय, ताई. तुम्ही ते मळत होता तवा बाटली मीच धरून उभा होतो ना.”

मामा, हे खरं आहे. तो शेजारीच उभा होता. मी त्याला म्हटलं होतं, घट्ट धर. त्या दिवशीचा सगळा प्रसंग मी माझ्या मनात किती वेळा उगाळला असेल, आणि त्यात बाटली आपोआप हवेत धरलेली होती.

मी विचारलं, मग काही बोलला का नाहीस. त्याच्याआधी कुसाबाई बोलली. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “त्यानं सांगितलं असतं तर तुमच्या काकानं दुसरा शत्रू आणला असता. तुम्ही सांगा. तुम्हाला बदलून काका कुठून आणतील?”

मी पुंजाला म्हटलं, रविवारी उभा राहू नको. तो म्हणाला, बोटानं कात्री धरवत नाय, पळायला बोट लागत नाय. आणि कुणीतरी उभं राहणारच, ताई. तुम्ही बुजवलं ते तुम्ही काढा, मग मी उभा राहीन नाय तर बसेन, ते माझं मी बघेन.

तेव्हा आता हे असं.

सुई, पक्कड आणि ग्रीस माझ्याकडे आहे. कडीही आहे. जुनी कडी आत असल्यामुळे मापाला मिळाली नाही, म्हणून अकरा नंबरची सुटी कडी, जी बंदुकीसोबत डबीत आली होती, ती घेऊन पंपवाल्याकडे गेले. बंदुका एकाच बनावटीच्या आहेत. कडीवर कडी ठेवूनच घेतली. त्यानं विचारलं, कुठल्या पंपाची. मी म्हटलं, कर्नलच्या. त्याला कळलं नाही.

काकांना काय कळतं ते तुम्हाला सापडलं नाही म्हणालात. मला काल तुमचं पत्र वाचताना सापडलं, कारण मी त्याच्यातच बसले होते. शनिवारी ते कपाट उघडतील तेव्हा मी त्यांना दोन मिनिटं चाळीत बोलावणार. तिथं हातोडी, खिळे आणि चार पत्रे काढून ठेवले आहेत. म्हणणार, काका, गिऱ्हाइकांची तक्रार आहे, फटी बुजवायला सुरुवात करते. ते मला अर्धा तास ऐकवतील. मी पूर्ण अर्धा तास ऐकणार. फट म्हणजे नाक, बुजवलं की आतल्या आत उबतं, सगळं. ते म्हणतील की एवढंही ज्याला कळत नाही, वगैरे. मग मी सात नंबर पुढे करणार आणि माझा अंगठा जिथं फिरला होता ती जागा दाखवणार. त्यांच्याच शब्दांत सांगणार की हे तिचं नाक आहे, मी ते बुजवलं, तुम्ही त्याचं भाडं लावलं, आणि पुंजानं ते अंगावर घेतलं. मग त्यांच्यासमोर बाटली काढणार, तोंड मातीकडे करून दोनदा चाप ओढणार, सुईनं सील उकरणार आणि कडी बदलणार. नंतर मोजणार. दोनशे ऐंशीच्या वर एक फूट गेली तरी ती कपाटात. परवानगी मागणार नाही. मागितली तर ते देणार नाहीत आणि मी ऐकेन, हे मला माझं माहीत आहे.

ते चिडतील. रुद्रच्या वडिलांसमोर शब्द जाईल म्हणतील. कदाचित ‘आमची तृप्ती’ मी शनिवारीच शेवटची असेन आणि रविवारी बॅग घेऊन मनमाडला येईन. मामींना सांगून ठेवू नका, मी आल्यावर कळू दे. पण मी आधी काकांना हेही सांगणार आहे, की सील न काढता सात नंबर मैदानात गेली तर पांढऱ्या बनियनात नाही, पण पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये शत्रू म्हणून मी उभी असेन, आणि देवळ्याच्या मावशीला रंगपंचमी बघायला मी फोन करून बोलावलं आहे. फोन मामींच्या मार्फत केला, म्हणजे अर्धा तालुका येईल.  

कपाट दहाला उघडतं, म्हणून वेळ दहाची. दुरुस्ती: दहाला गिऱ्हाइकं येतात आणि काका त्यांच्यासमोर माझं ऐकणार नाहीत, ओरडतील. ते साडेनऊला चहा घेतात, तेव्हा एकटे असतात आणि पँट साधी असते. तेव्हा साडेनऊ, आणि बाटल्या भरायच्या म्हणून कपाटही तेव्हाच उघडायला सांगणार. दिवसात मात्र बदल नाही: शनिवार, ७ मार्च २०२६.

तृप्ती